कुंपणच शेत खातं तेव्हा : प्रोस्टेट, केमो आणि आपली रोगप्रतिकारशक्ती



ऑकलंडच्या ग्राफ्टन भागात पार्क रोड नावाचा एक रस्ता आहे. एका बाजूला मोठं सरकारी हॉस्पिटल, समोरच्या बाजूला विद्यापीठाचं मेडिकल कॉलेज. गेल्या वर्षभरात या रस्त्यावर मी इतक्या वेळा बसमधून उतरले आहे की ड्रायव्हर आता ओळखू लागलेत. कारण माझे मामा. वय अठ्ठ्याहत्तर, मूळचे अलिबागचे, उमेद रेल्वेत गेली, मुलाबरोबर इकडे आले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. हे लिहायला त्यांचीच परवानगी आहे. "नाव नको घालूस, बाकी सगळं लिही. आपले लोक या आजाराचं नाव घ्यायलाही लाजतात, आणि लाजता लाजता उशीर करतात," असं ते म्हणाले.

मामांना आधी हार्मोनची इंजेक्शनं होती. तीन वर्षं छान गेली. मग पीएसएचा आकडा चढू लागला, हाडांत ठिपके दिसले आणि केमो सुरू झाली. दर तीन आठवड्यांनी एक डोस. चार डोस होईपर्यंत आकडा भराभर खाली आला, घरात सगळ्यांचे चेहरे खुलले. सहाव्या डोसानंतर तो पुन्हा वर. त्या संध्याकाळी जेवताना मामांचा दहा वर्षांचा नातू म्हणाला, "आजोबा, औषध तर चालू होतं ना? मग कॅन्सर परत कसा वाढला? तुमचे सोल्जर झोपले होते का?"

कोणालाच उत्तर देता आलं नाही. मी मुंबईत असताना बावीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलं आहे, म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी डॉक्टर नाही. पण मुलाचा प्रश्न डोक्यात राहिला आणि वाचायला बसले. वाचता वाचता लक्षात आलं की पोराने अंधारात दगड मारला होता, पण बरोबर ठिकाणी लागला होता. फक्त सोल्जर झोपलेले नव्हते. त्यातले काही चक्क शत्रूच्या दारावर पहारा देत होते!

आधी थोडी ओळख. प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखाली असलेली, अक्रोडाएवढी ग्रंथी. वय वाढलं की ती बहुतेकांची फुगते. रात्री चार वेळा उठावं लागतं, धार बारीक होते. हा कॅन्सर नव्हे, ही म्हातारपणाची खूण. पीएसए नावाची रक्ततपासणी असते, तिचा आकडा अशा साध्या फुगण्यानेही वाढतो, जंतुसंसर्गानेही वाढतो आणि कॅन्सरनेही. म्हणून नुसत्या आकड्याने घाबरू नये आणि आकडा वाढलेला असून गप्पही बसू नये. न्यूझीलंडमध्ये दर वर्षी सुमारे चार हजार पुरुषांना हा आजार असल्याचं कळतं. त्यातले बरेचसे याने मरत नाहीत, कारण पुष्कळदा तो गोगलगाईच्या चालीने वाढतो. पण सगळ्यांचा नाही.

हा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर जगतो, हे शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवून दिलं. हार्मोन बंद केला की गाठी आक्रसतात. त्यांना त्याबद्दल १९६६ साली नोबेल मिळालं. आजही पसरलेल्या आजारात पहिला उपाय तोच. पण काही वर्षांनी कॅन्सरच्या पेशी हार्मोनशिवाय जगायला शिकतात. मग येते केमो.

प्रोस्टेटसाठीची मुख्य केमो म्हणजे डॉसेटॅक्सेल. हे औषध यू नावाच्या झाडाच्या पानांतल्या द्रव्यापासून बनवतात. (मुलांनो, यूचं झाड बागेत दिसलं तर त्याची पानं-बिया तोंडात घालू नका, ते विषारी आहे. औषध आणि विष यांत अंतर मात्रेचंच असतं.) पेशी दुभंगून एकीच्या दोन होताना तिच्या आत दोऱ्यांसारखा एक सांगाडा उभा राहतो आणि काम झालं की सुटतो. डॉसेटॅक्सेल तो सांगाडा घट्ट आवळून धरतं, सुटूच देत नाही. पेशी अर्ध्यावर अडकते आणि मरते. २००४ साली एक हजारावर रुग्णांच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. जुन्या केमोवर रुग्ण सरासरी साडेसोळा महिने जगत होते, या औषधावर जवळजवळ एकोणीस. तुम्ही म्हणाल, अडीच महिन्यांसाठी एवढा आटापिटा? पण त्याआधी एकाही केमोने या आजारात आयुष्य वाढवल्याचं सिद्ध झालं नव्हतं. शिवाय सरासरी ही सरासरी असते. कोणाला काहीच मिळत नाही, तर कोणाला वर्षं मिळतात.

आता प्रश्न असा की औषध चालेनासं का होतं? जुनं उत्तर सगळा दोष कॅन्सरच्या पेशीवर टाकत असे. पेशी आपल्या भिंतीत पंप बसवते आणि आलेलं औषध बाहेर उपसते, पावसाळ्यात चाळीतले लोक तळमजल्याचं पाणी उपसायचे तसं. किंवा औषध ज्याला पकडतं तो दोराच बदलून टाकते. हे सगळं खरं आहे. पण पुरतं खरं नाही. गाठीत एकट्या कॅन्सरच्या पेशी राहत नाहीत. तिथे रक्तवाहिन्या असतात, आधाराच्या पेशी असतात आणि आपल्या स्वतःच्या पांढऱ्या पेशी, म्हणजे शरीराचं पोलीसखातं, घोळक्याने असतं. ते पोलीस तिथे करतात काय, हे फार दिवस कोणी नीट विचारलंच नाही.

इथे थोडं मागे जाते, कारण ही गोष्ट आपल्या भायखळ्याच्या दारावरून जाते.

१८८२ साली इटलीतल्या मेसिना गावी एल्या मेचनिकॉव्ह नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने समुद्रातल्या तारामाशाच्या पारदर्शक पिलाला काटा टोचला. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर काट्याभोवती पेशींनी गर्दी केली होती. शरीरात बाहेरचं काही शिरलं की त्याला खाऊन टाकणारे पहारेकरी असतात, हे त्याला त्यातून उमगलं. याच मेचनिकॉव्हचा ओडेसाचा विद्यार्थी होता वॉल्डेमार हाफकिन. हो, आपला परळचा हाफकिन! ज्यू असल्यामुळे त्याला रशियात बढती मिळाली नाही, म्हणून तो पॅरिसला गेला, तिथून १८९३ साली हिंदुस्थानात आला. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा त्याला बोलावून घेतलं. भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्याने प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिल्यांदा स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी आपणहून पुढे आले. आमची आजी सांगायची की तिच्या वडिलांच्या दंडावर "हापकिनची सुई" बसली होती आणि त्याबद्दल त्यांना फार अभिमान होता.

लस म्हणजे दुसरं काय? पोलिसांना चोराचा फोटो आधीच दाखवून ठेवणं. चोर आला की ओळखतात आणि पकडतात. मग कॅन्सर हा चोर का पकडला जात नाही? कारण तो बाहेरचा नाही. तो घरातलाच बिघडलेला मुलगा आहे. कपडे तेच, आडनाव तेच. तरीही पोलीस पुष्कळदा त्याला ओळखतात. १९०९ साली पाउल एर्लिख या जर्मन ज्यू शास्त्रज्ञाने लिहून ठेवलं होतं की शरीराचा हा पहारा नसता तर कॅन्सर फार मोठ्या प्रमाणावर झाला असता. गंमत बघा, "केमोथेरपी" हा शब्दही याच एर्लिखने रूढ केला, आणि १९०८ सालचं नोबेल त्याला मेचनिकॉव्हबरोबर वाटून मिळालं होतं. म्हणजे औषधाने मारणं आणि पहाऱ्याने मारणं या दोन्ही कल्पना एकाच माणसाच्या डोक्यात शेजारी शेजारी होत्या. पुढे शंभर वर्षं त्या दोघी फटकून राहिल्या. केमो देणारे म्हणायचे, रोगप्रतिकारशक्ती? ती तर केमोने मरतेच, तिचा काय उपयोग?

हे चित्र बदललं ते पॅरिसच्या गुइडो क्रोमर आणि लॉरेन्स झिटवोगेल यांच्या कामामुळे, साधारण २००५ ते २००७ या काळात. त्यांनी दाखवलं की काही केमो औषधं कॅन्सरची पेशी अशी मारतात की ती मरता मरता बोंब ठोकते. एरवी आतल्या भागात असणारं एक प्रथिन ती बाहेरच्या भिंतीवर आणून लावते, जणू दारावर लाल बावटा. तो पाहून पोलीस धावत येतात, मेलेल्याची ओळख पटवतात आणि त्याच्या जिवंत भावंडांच्या मागे लागतात. म्हणजे औषध अर्धं काम करतं आणि उरलेलं अर्धं आपल्या टी-पेशी करतात. या टी-पेशी म्हणजे पोलीसखात्यातले हत्यारबंद शिपाई.

आता तुम्हाला मामांच्या नातवाच्या प्रश्नाचं उत्तर दिसू लागलं असेल. हे शिपाई आलेच नाहीत, किंवा येऊन हात बांधून उभे राहिले, तर औषध अर्ध्यावरच थांबणार.

प्रोस्टेटच्या बाबतीत नेमकं हेच २०१५ साली दिसलं. अमेरिकेत सॅन डिएगोला मायकेल कॅरिन नावाचे प्राध्यापक आहेत, शिक्षण तेल अवीव विद्यापीठातलं. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या शबनम शालापूर आणि इतरांनी प्रोस्टेटचा कॅन्सर झालेल्या उंदरांना ऑक्झॅलिप्लॅटिन नावाचं केमो औषध कमी मात्रेत दिलं. हे बोंब ठोकायला लावणाऱ्या औषधांपैकी एक. उंदरांवर काही परिणाम नाही! गाठी वाढतच राहिल्या. मग त्यांनी गाठींत कोण कोण आहे ते पाहिलं. तिथे बी-पेशी जमलेल्या. बी-पेशी म्हणजे पोलीसखात्याची दुसरी शाखा. त्या मोठ्या होऊन प्लाझ्मा पेशी बनतात आणि अँटिबॉडी तयार करतात. आपण लस घेतो ती त्यांच्याच भरवशावर. पण या गाठीतल्या प्लाझ्मा पेशी वेगळ्याच वळणाच्या होत्या. त्या आयजीए जातीची अँटिबॉडी बनवत होत्या, अंगावर पीडी-एल-वन नावाची खूण मिरवत होत्या आणि आयएल-टेन नावाचं शामक रसायन सोडत होत्या. ती खूण म्हणजे शिपायांना "थांबा" असा हुकूम आणि ते रसायन म्हणजे वरून गुंगी. टी-पेशी येऊन पोचल्या तरी निमूट उभ्या राहत होत्या.

यालाच आपल्याकडे कुंपणानेच शेत खाणं म्हणतात.

मग संशोधकांनी ज्यांच्यात बी-पेशीच नाहीत असे उंदीर घेतले, काहींच्या बी-पेशी औषधाने काढून टाकल्या. औषध तेच, मात्रा तीच. आता गाठी आक्रसल्या. टी-पेशी कामाला लागल्या होत्या. आणि हे फक्त उंदरांपुरतं नसावं, अशीही एक खूण मिळाली. पुरुषांच्या प्रोस्टेटच्या काढून ठेवलेल्या नमुन्यांत, विशेषतः ज्यांचा आजार उपचारांना दाद देईनासा झाला होता त्यांच्यात, त्याच आयजीएवाल्या प्लाझ्मा पेशी आढळल्या. लॅबमध्ये इतकी वर्षं स्लाइडवर प्लाझ्मा पेशी मी हजारदा पाहिल्या असतील. गोल, एका बाजूला सरकलेलं केंद्रक, घड्याळाच्या तबकडीसारखं. "सूज आहे" एवढं लिहून पुढे जायचं. तिथे काही कट शिजत असेल असं कधी मनातही आलं नाही.

दुसरा धागा स्वित्झर्लंडमधल्या बेलिनझोना गावचा. तिथल्या आंद्रेया अलिमोंती यांच्या गटाने २०१४ साली पाहिलं की प्रोस्टेटच्या गाठींत मायलॉइड नावाच्या कच्च्या पांढऱ्या पेशी शिरतात. डॉसेटॅक्सेलमुळे कॅन्सरच्या काही पेशी मरत नाहीत, पण थकून वाढणं सोडून देतात, निवृत्त झाल्यासारख्या. या मायलॉइड पेशी जवळ असल्या की त्या निवृत्तीत जातच नाहीत, कामावर कायम राहतात. उंदरांमध्ये मायलॉइड पेशींचा गाठीत येण्याचा रस्ता अडवला तेव्हा डॉसेटॅक्सेल जास्त चाललं. याच गटाने २०१८ साली दाखवलं की या पेशी एक रसायन सोडून कॅन्सरला हार्मोनशिवाय जगायलाही मदत करतात. म्हणजे मामांची तीन वर्षं चाललेली इंजेक्शनं थकली, त्यात कदाचित याही मंडळींचा हात असेल. मग २०२३ साली लंडनच्या डॉक्टरांबरोबर माणसांवर पहिली छोटी चाचणी झाली. रस्ता अडवणारं औषध आणि हार्मोनविरोधी गोळी एकत्र. तपासता आलेल्या २१ जणांपैकी ५ जणांना फायदा झाला. पाच म्हणजे थोडे. पण उपचारांनी हात टेकलेल्यांपैकी पाच.

आता आपल्या ऑकलंडची गोष्ट. ही मी मुद्दाम राखून ठेवली होती, कारण पार्क रोडवर मामांबरोबर बसून मी ज्या इमारतींकडे बघत असते, तिथेच ती घडली.

कॅन्सर सोसायटीच्या पैशावर चालणारी इथली प्रयोगशाळा १९५६ पासूनची. ब्रूस केन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने इथेच १९७०च्या दशकात अम्साक्रीन हे रक्ताच्या कॅन्सरचं औषध बनवलं, जे पुढे जगभर वापरलं गेलं. एवढ्याशा देशाच्या मानाने केवढी गोष्ट! नंतर विल्यम डेनी, ब्रूस बॅग्युली, लाय-मिंग चिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एका औषधावर वर्षानुवर्षं काम केलं. नाव लांबलचक, सगळे त्याला डीएमएक्सएए म्हणत. उंदराला दिलं की गाठीच्या रक्तवाहिन्या काही तासांतच कोलमडायच्या आणि गाठ आतून काळी पडून मरायची. हे औषध गाठीला थेट विष घालत नव्हतं. ते तिथल्या पांढऱ्या पेशींना उठवायचं आणि मग त्या हल्ला करायच्या. म्हणजे झोपलेल्या सोल्जरना जागं करणारं औषध. नातवाला हे सांगितलं तेव्हा तो खुर्चीतून उठलाच.

पहिल्या चाचण्या इथे ऑकलंडला आणि इंग्लंडमध्ये झाल्या. पुढे मोठ्या कंपन्या आल्या. डॉसेटॅक्सेलबरोबर हे औषध देऊन प्रोस्टेटच्या रुग्णांवरही एक मध्यम आकाराची चाचणी झाली, काही आशादायक खुणा दिसल्या. पण खरी परीक्षा फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये झाली, सुमारे १,३०० रुग्णांवर. २०१० साली निकाल आला. काहीही फायदा नाही. दुसरी चाचणीही त्याच वर्षी बंद केली. वीस वर्षांचं काम एका निकालात संपलं.

का फसलं? उत्तर मिळायला २०१३ उजाडलं. पेशीच्या आत स्टिंग नावाची एक धोक्याची घंटा असते. डीएमएक्सएए ही घंटा वाजवत होतं. पण उंदराची घंटा आणि माणसाची घंटा यांच्या घडणीत थोडासा फरक आहे, मोजक्या काही अक्षरांचा. उंदराच्या घंटेला ते औषध बरोबर बसायचं, माणसाच्या घंटेला शिवायचंही नाही. ठाण्याच्या घराची किल्ली घेऊन माउंट रॉस्किलच्या दारात उभं राहावं, तसं. किल्ली खोटी नव्हती, कुलूप वेगळं होतं.

मला ही हकिकत फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडे दर आठवड्याला कोणी ना कोणी फोनवर निरोप पाठवतं की अमक्या पाल्याने, तमक्या बियाने कॅन्सर बरा होतो, "शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय". कशात सिद्ध केलंय? काचेच्या बशीत, नाहीतर उंदरात. डेनी आणि बॅग्युली यांच्यासारख्या कसलेल्या माणसांना उंदराने असं चकवलं, तर आपण कोण? आणि वर सांगितलेला कॅरिन यांचा सुंदर प्रयोग, तोही मुख्यतः उंदरांतलाच आहे, हेही मी त्याच दमात सांगते.

पण ऑकलंडचं काम वायाही गेलं नाही. माणसाच्या घंटेला बसतील अशा किल्ल्या आता जगभर घडवल्या जात आहेत, आणि अशी घंटा वाजवणं कॅन्सरवर उपयोगी पडू शकतं हा विचार पुढे सरकला त्यात या उंदरांचा वाटा आहे.

मग कोणी विचारेल, शिपायांना "थांबा" म्हणणारी ती खूणच झाकून टाकली तर? तशी औषधं आहेत. त्यामागच्या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. मेलानोमा नावाच्या त्वचेच्या कॅन्सरमध्ये, जो या देशात फार आढळतो, त्यांनी कमाल केली आणि २०१६ पासून ती न्यूझीलंडमध्ये सरकारी खर्चाने मिळू लागली. साहजिकच प्रोस्टेटमध्येही करून पाहिली. डॉसेटॅक्सेलबरोबर पेम्ब्रोलिझुमॅब देण्याची हजारावर रुग्णांची चाचणी झाली. २०२२ साली निकाल लागला, आयुष्य वाढलं नाही. प्रोस्टेटच्या गाठीत मुळात टी-पेशी कमी शिरतात, आणि शिरल्या तर त्यांना गप्प करणारे एकच नाहीत, अनेक आहेत. एकाचं तोंड बंद केलं तर दुसरा बोलतो. फक्त शंभरात दोन-तीन रुग्ण असे असतात की त्यांच्या कॅन्सरमध्ये जनुकं दुरुस्त करणारी यंत्रणा मोडलेली असते. त्यांना मात्र ही औषधं कधी कधी छान लागू पडतात. म्हणून गाठीची जनुकीय तपासणी होऊ शकते का, हे डॉक्टरांना विचारायला लाजू नये.

अमेरिकेत २०१० साली एक वेगळाच उपाय मंजूर झाला. रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी काढायच्या, बाहेर त्यांना प्रोस्टेटचा "फोटो" दाखवायचा आणि परत शरीरात सोडायच्या. हाफकिनची कल्पना नव्या रूपात म्हणा ना! सरासरी चार महिने आयुष्य वाढलं. खर्च मात्र डोळे पांढरे करणारा, आणि औषध एकेका माणसासाठी वेगळं बनवावं लागतं.

आता घरातली गोष्ट, कारण शेवटी ती कामाची.

मामांना केमो सुरू झाल्यावर सगळ्या नातेवाइकांना एकच मंत्र सापडला, "इम्युनिटी वाढवा". मुंबईहून पुड्या आल्या. मामी रोज सकाळी काढा द्यायच्या, मामा मुकाट्याने प्यायचे, दवाखान्यात कोणी बोललं नाही. मला कळलं ते पाचव्या डोसाच्या आधी. मी सगळ्या पुड्या पिशवीत भरून केमोच्या नर्सबाईंपुढे ठेवल्या. त्या रागावल्या नाहीत, एकेक वाचत बसल्या. डॉसेटॅक्सेल यकृतात ज्या यंत्रणेने मोडलं जातं, तिच्यावर काही वनस्पती आणि ग्रेपफ्रूटचा रससुद्धा परिणाम करतात; औषध अंगात कमी तरी होतं, नाहीतर जास्त तरी. दोन पुड्या त्यांनी बंद करायला सांगितल्या. हळदीचं दूध घरगुती मापाने चालेल म्हणाल्या, मामी खूश.

आणि मग मी मामींना दाखवलं की डॉसेटॅक्सेलबरोबर मामांना रोज दोनदा प्रेडनिसोनची बारीक गोळीही आहे. ही गोळी रोगप्रतिकारशक्ती वाढवत नाही, उलट दाबते! मामी चाटच पडल्या. "मग आम्ही इतके दिवस काय करत होतो?" वाढवा म्हणजे नेमकं काय वाढवायचं? वर वाचलंत ना, गाठीतल्या त्या प्लाझ्मा पेशीही प्रतिकारशक्तीच आहेत. त्या वाढल्या तर कोणाचं भलं? पोलीस वाढवून उपयोग नाही, कोणत्या बाजूचे पोलीस ते बघायला हवं, आणि ते अजून पुडीत भरता येत नाही.

दुसरा प्रसंग तिसऱ्या डोसानंतरचा. केमोने हाडांच्या मगजात नव्या पांढऱ्या पेशी तयार होणं मंदावतं, आठवडा-दहा दिवसांनी त्या सगळ्यात कमी असतात. अशा नवव्या दिवशी रात्री अकराला मामा थरथरत बसले होते. ताप ३८.४. कोणाला उठवायला नको, सकाळी बघू, एक पॅनाडॉल घेतो, असा त्यांचा बेत. नातू पाणी प्यायला उठला आणि त्याने थर्मामीटर पाहिला. फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर लिहिलं होतं : ३८ किंवा त्याहून जास्त असेल तर लगेच फोन करा. त्याने बापाला हलवून उठवलं. (जुन्या मंडळींसाठी, ३८ म्हणजे शंभर पॉइंट चार.) गोळीने ताप दाबून टाकायचा नाही, आधी फोन, मग हॉस्पिटल. मामांना चार दिवस शिरेतून अँटिबायोटिक चाललं. सकाळपर्यंत थांबले असते तर काय झालं असतं, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

मुलांनो, म्हणून तुमच्या घरी कोणी आजी-आजोबा केमोवर असतील तर तो कागद कुठे लावलाय ते आजच बघून ठेवा. तुम्हाला इंग्रजी वाचता येतं, आजोबांना चष्मा सापडत नसतो. आणि आजोबा लोकहो, इथल्या दवाखान्यात दुभाषा मागणं हा तुमचा हक्क आहे, १९९६ पासून कायद्याने दिलेला. मुलाला किंवा सुनेला सगळं भाषांतर करायला लावू नका. काही गोष्टी सुनेसमोर बोलता येत नाहीत, हे मला मामांनीच सांगितलं.

लसीबद्दलही विचारून घ्या. फ्लूची लस मेलेल्या विषाणूची असते, ती केमोच्या रुग्णाला साधारणपणे देतात, आणि पासष्टीपुढे इथे फुकट असते. जिवंत विषाणूची लस मात्र केमो चालू असताना नको. घरातल्या बाकीच्यांनी फ्लूची लस घेतली तर त्याचाही फायदा रुग्णालाच.

मामांचं सध्या काय? डॉसेटॅक्सेल थांबवलं आहे. दुसऱ्या औषधाचं बोलणं चालू आहे, गाठीचा जुना नमुना जनुकीय तपासणीला गेला आहे, निकालाला काही आठवडे लागतील. पुढच्या गुरुवारी पुन्हा पार्क रोड. नातवाला शाळेत विज्ञानाचा प्रकल्प करायचा आहे आणि त्याने विषय निवडला आहे "गद्दार सोल्जर". चित्रं त्यानेच काढली आहेत. प्लाझ्मा पेशीला त्याने मिशा काढल्या आहेत. मामांनी चष्मा लावून नीट पाहिलं आणि म्हणाले, "मिशा आमच्या अलिबागच्या फौजदारासारख्या आल्यात. त्याच्या हातात काठी दे."